पेटीत काय, ते मला विचारू नका

न्हाय हो न्हाय! पेटीत काय हाय ते मला विचारू नका! तुम्ही पण तेच विचारायला आलात ना? बघा, हसलात! वाटलंच मला. अहो, सकाळी दाढीला बसलो, तं न्हाव्यानं वस्तरा गळ्यावर टेकवला आणि बोलतो कसा, "केसरीनाथ, पेटीचं काय झालं ते सांग, मंग पुढची दाढी." आता वस्तरा गळ्याला, मी मान हलवू कशी? परवा अंबाडीला जायला एसटीत चढलो, कंडक्टर बोलला, "तिकीट राहू दे, आधी पेटीचं बोला!" आणि नळावरच्या बायका? मी दिसलो की हंडे खाली! तुम्हाला सांगतो, अख्ख्या कामतघर गावात मला कुणी 'जेवलास का' विचारत न्हाय, 'बोटं कशी हायत' विचारत न्हाय, सगळ्यांचं एकच... पेटीत काय हाय? अहो, मला तरी कुठं ठाऊक!

बसा, सांगतो. पण एक अट हाय, मधेच उठायचं न्हाय. मधेच उठलेला माणूस मला आता बघवत न्हाय. का म्हणजे काय? अहो, माझी नोकरी त्याच्यावर होती! कुणी उठला की माझी नोकरी उठली! ऐकलीत कधी असली नोकरी?

तं झालं काय, मी लडकूशेठच्या कारखान्यात कापड विणायचे लूम चालवायचो. लडकूशेठ म्हणजे आमच्याच गावचा, बापाची भातशेती होती, त्या जागेवर ह्यानं पत्र्याची शेड बांधली, सोळा लूम टाकले, आणि कालचा लडक्या आज लडकूशेठ! सोळा लूम, आठ माणसं, एकाला दोन लूम. आणि आवाज विचारू नका. आत आम्ही तोंडानं बोलतच न्हाय, सगळे हातवारे... ओठाला बोट लावलं की चहा, मनगटावर बोट ठेवलं की किती वाजले, आणि पोटावरून हात फिरवला की शेठ आला. लाईट गेली की सगळं एकदम गप्प होतं, तरी पाच मिनिटं आम्ही एकमेकांच्या कानात ओरडतच असतो.

शिमग्याच्या आधी माझ्या लूमचा धोटा उडाला. धोटा म्हणजे ते लाकडाचं, टोकाला लोखंड लावलेलं, आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतं ना, ते. ते पळायचं सोडून आलं माझ्या उजव्या हातावर! दोन बोटं गेली. गेली म्हणजे हायत, ही बघा, पण वाकडी. हाडवैद्यानं बांधली ती त्याला पाहिजे तशी बांधली. आता तुटलेला धागा जोडायला बोटांची चिमटी लागते, आणि माझी चिमटीच होईना. चिमटी न्हाय तं लूम न्हाय, माझ्या दोन लूमवर दुसरा माणूस आला. लडकूशेठनं मला बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि बोलला, "केसरी, तू माणूस चांगला हायस." शेठ 'माणूस चांगला हायस' बोलला की समजायचं, चपला शोधायच्या!

मी चपला शोधत होतो, आणि तेवढ्यात लाईट गेली.

आता तेव्हा लाईटवाल्यांनी कपात लावलेली. कधी जाईल पत्ता न्हाय, कधी येईल पत्ता न्हाय. आणि लाईट गेली की आठही जण गेटाबाहेर! विठू वऱ्हाळदेवीच्या तलावावर आंघोळीला, रामनाथ भय्या हॉटेलात, दामू झाडाखाली आडवा, दोघं तं थेट टॉकीजमध्ये घुसायचे. लाईट यायची वीस मिनिटांत आणि माणसं यायची दोन तासांनी! बिचारा लडकूशेठ सायकल घेऊन गावभर, "अरे विठ्याऽऽ, लाईट आली रेऽऽ!" आणि विठ्या डुबकी मारून पाण्याखाली. शेठचा माल वेळेवर कधी जायचा न्हाय, व्यापारी शिव्या घालायचे, आणि शेठ त्या शिव्या जशाच्या तशा आमच्यापर्यंत पोचवायचा.

त्या दिवशी मी चपला घालता घालता विठूला सहज बोललो, "विठ्या, तुझी घरमालकीण आनंदीबाई, तिनं काल काय केलं ठाऊक हाय?" बस्स! विठूचा एक पाय गेटाबाहेर होता, तो आत आला. "काय केलं?" मी बोललो, "जाऊ दे, मोठ्या माणसांचं हाय." लगेच दामू आला. "काय, काय केलं?" रामनाथ आला. "क्या किया आनंदीबाई ने?" अहो, काय करणार ती म्हातारी? कोंबडी विकत घेतली होती! एवढंच! पण मी काय लगेच कोंबडीवर येतोय होय? आधी ती दार लावून घेते... मंग इकडं बघते, तिकडं बघते... मंग पदराखाली काय तरी हलतंय... अर्धा तास गेला, कोंबडी अजून पदराखालीच, आणि लाईट आली! आठही जण जागेवर! सोळा लूम एका दमात चालू!

लडकूशेठ दारात उभा राहून बघत होता. बोलला, "केसरी, चपला काढ." मी काढल्या. "बोटं गेली तं जाऊ दे, जीभ हाय ना जागेवर? उद्यापासून लाईट असली की तू झाडू मारायचास, धाग्याच्या कांड्या उचलायच्यास, आणि लाईट गेली की बोलायचंस. लाईट येईपर्यंत बोलायचंस. पण ध्यानात ठेव, एक माणूस जरी गेटाबाहेर गेला ना, तं त्याच्या मागोमाग तू पण जा, आणि परत येऊ नको."

झाली का पंचाईत! तुम्हाला सांगतो, सोपं वाटतं हो, गोष्ट सांगायची त्याच्यात काय एवढं! सांगून बघा! समोर आठ माणसं, अंगाला कापूस चिकटलेला, घामाच्या धारा, बाहेर तलावाचं गार पाणी, हॉटेलात चहा... आणि तुम्ही त्यांना नुसत्या तोंडानं बसवून ठेवायचं! पहिल्या दिवशी मी राजाची गोष्ट काढली. आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता. दामू बोलला, "तिथं लाईट होती काय?" सगळे हसले, आणि हसता हसता दोघं उठले! मी धावत जाऊन गेट आडवलं, हातापाया पडलो. दुसऱ्या दिवशी भुताची काढली. आता भूत चांगलं होतं हो माझं, उलट्या पायांचं, पण वेळ सकाळी अकराची! पत्र्याच्या भोकातून ऊन पडलंय, शेजारच्या घरात कुणी तरी मसाला कुटतंय, आणि मी आपला सांगतोय, 'काळाकुट्ट अंधार...' रामनाथ बोलला, "अरे केसरीभाई, हमारे गाँव का भूत तो बीड़ी माँगता है, दे दो तो चला जाता है." आणि स्वतःच बिडी काढून गेटाबाहेर चालायला लागला! शेठनं बघितलं. बोट दाखवून बोलला, "उद्या शेवटचा दिवस."

मी घरी गेलो, जेवण जाईना. हौसा, म्हणजे आमची बायको, बोलली, "काय झालं? तोंड का पाडून बसलाव?" मी बोललो, "काय न्हाय." तिला काय सांगू? की उद्या चांगली गोष्ट सुचली न्हाय तं आपली चूल थंड? मला खरंच भीती वाटत होती हो. वाकडी बोटं घेऊन मी जाणार कुठं? शेतात विळा धरता येत न्हाय, कारखान्यात धागा धरता येत न्हाय.

दुसऱ्या दिवशी दहाला लाईट गेली. आठही जण उठले. माझ्या डोक्यात काय म्हणता काय न्हाय! तोंडाला आलं ते बोललो. बोललो, "एक माणूस होता. लूमवर कामाला. वर्षभरानं गावी घरी गेला." विठू थांबला. तो अंबाडीकडचा, नवीन लग्न झालेला, बायको गावी. मी बोललो, "घरात गेला, पाणी प्यायला, बघतो तं काय... कोपऱ्यात एक पेटी. पत्र्याची. त्यानं कधी न बघितलेली. आणि तिला हे एवढं कुलूप." रामनाथ खाली बसला. मी बोललो, "त्यानं बायकोला विचारलं, ही पेटी कुणाची? बायको बोलली, पेटीचं सोडून काय पण विचारा."

हाऽऽ! काय सांगू तुम्हाला! आठही जण जमिनीवर बसले! आणि त्याच वेळी, बघा माझं नशीब, खाडकन लाईट आली. लूमजवळ कुणी जाईना! शेठ ओरडतोय, "अरे लाईट आली, लाईट!" आणि रामनाथ माझा हात धरून, "लाईट को मारो गोली, पेटी में क्या है?" मी बोललो, "लाईट गेली की सांगतो." तेव्हा कुठं हलले. पण पेटीत काय हाय? अहो, मला तरी कुठं ठाऊक! मी आपली नोकरी वाचवायला एक पेटी ठेवली कोपऱ्यात!

तिथून दोन महिने, दोन महिने हो, ती पेटी मी ओढली! लाईट गेली की आठही जण माझ्याभोवती. तो माणूस पेटी हलवून बघतो, आतून आवाज येतो... कसला? सांगतो, सांगतो. पेटीवर काय तरी कोरलंय... काय? थांबा की! शेजारीण येते, पेटी बघते आणि तोंडाला पदर लावते... लाईट आली! देवासारखी यायची हो लाईट, मी अडकलो की यायची. शेठ खूश. माल वेळेवर जायला लागला. आणि मी, तुम्हाला खरं सांगतो, मी पण जरा फुगलो. रस्त्यानं चालताना मान ताठ. मला वाटलं, वा रे केसरीनाथ, काय डोकं हाय तुला!

पण मंग माणसं एकेकटी गाठायला लागली. विठू पाण्याच्या माठाजवळ आला, हळूच बोलला, "केसरीदादा, त्यात दुसऱ्या कुनाची कापडं असतील, व्हय ना? खरं सांग, माझी बायको एकटीच हाय घरला..." त्याचे डोळे भरले हो! मी बोललो, "बघू." रामनाथ आला, "केसरीभाई, मैं बताऊँ? ज़मीन के काग़ज़ हैं. छोटे भाई ने अंगूठा लगवा लिया है. मेरा भाई भी ऐसाच है." मी बोललो, "देखेंगे." दामू तीन दिवस घुटमळत होता. चौथ्या दिवशी बोलला, "त्यात अंगडं-टोपडं असंल. लहान पोराचं. त्या बाईनं शिवून ठिवलं असंल... व्हनार व्हनार म्हनून." दामूच्या लग्नाला बारा वर्षं झाली, घरात पोर न्हाय. मी 'बघू' पण बोललो न्हाय. काय बोलू? आणि शेवटी एक दिवस खुद्द लडकूशेठनं ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं, "केसरी, मला एकट्याला सांग. वाटणीचे कागद ना? मोठ्या भावानं दडवलेले?" मी बोललो, "शेठ, तुम्हाला सांगितलं तं मजा जाईल." शेठ बोलला, "मजेचं मरू दे, मला झोप न्हाय!"

म्हणजे बघा हं! पेटी एक, आणि नऊ माणसांनी तिच्यात आपापलं सामान भरून ठेवलेलं! मी विठूचं काढलं तं दामू रडणार, दामूचं काढलं तं रामनाथ बोलणार, हे काय, एवढ्यासाठी दोन महिने बसवलं? कुणाचं पण काढा, आठ जण उठणार, आणि त्यांच्या मागोमाग मी! पेटीत काय हाय, पेटीत काय हाय... अहो, मला तरी कुठं ठाऊक!

आणि हे कमी होतं म्हणून घरी हौसा! एक दिवस कामावरून आलो, तं भाकरी न्हाय, पाणी न्हाय, कमरेला पदर खोचून दारात उभी. "माझी पेटी सगळ्या कारखान्यात नाचवताव?" मी बोललो, "तुझी कंची पेटी?" "कंची म्हंजे? माजी! लग्नातली! नळावर जानकीबाई मला इचारते, हौसे, तुझ्या पेटीत काय गं, तुझा नवरा सगळ्यांना सांगत फिरतोय!" मी कोपऱ्यात बघितलं. अहो... पेटी! पत्र्याची! हे एवढं कुलूप! चौदा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर, त्याच्यावर आम्ही गोधड्या ठेवतो! म्हणजे माझ्या तोंडाला आली ती हीच होती, आणि मी आपला समजतोय माझ्या डोक्यातून निघाली! आई जिवंत होती तेव्हा तिनं पण मला बजावलेलं, सुनेच्या पेटीला हात लावायचा न्हाय. मी लावला न्हाय. पण विचारलं पण न्हाय! चौदा वर्षांत एकदा पण!

मी जरा गोड आवाजात बोललो, "हौसा, काय हाय गं तिच्यात?"

ती बोलली, "तुमच्या कामाचं न्हाय." आणि भांडी आपटायला लागली.

मंग माझी झोप गेली! आठ माणसांची झोप घालवली ना मी, देवानं बरोबर हिशोब चुकता केला! भाकरी खातोय, नजर पेटीवर. तोंड धुतोय, नजर पेटीवर. तिला विचारलं, रागावून विचारलं, लाडानं विचारलं. एकदा तं नुसती हलवून बघायला गेलो, मागनं आवाज आला, "हात मोडला हाय, पाय पन मोडायचा हाय काय?"

आणि मंग आला तो गुरुवार. सकाळी साडेनऊला लाईट गेली. बरं, गेली तं गेली. दहा वाजले, साडेदहा, अकरा... लाईट न्हाय! मी पेटी हलवली, उचलली, ठेवली, पुसली. बारा वाजले. त्या माणसाच्या घरी पाहुणे आणले, पाहुण्यांना चहा दिला, चहात साखर कमी पडली, साखर आणायला वाण्याकडं पाठवलं... एक वाजला! लाईट न्हाय! आणि त्या दिवशी शेठचा जीव टांगणीला, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक येणार होता आणि कापडाचे सहा ताके अजून लूमवर. माणसं हातची गेली असती, तं लाईट येऊन पण काय उपयोग न्हवता. शेठ स्वतः स्टूल घेऊन गेटात बसला. मला डोळ्यांनीच सांगतोय... बोल, बोल!

मी काय बोलू? माझ्याकडं उरलंय काय? रामनाथ उठला. खांद्यावर टॉवेल टाकला. "बस केसरीभाई. बहुत हो गया. आज पेटी खोलो, नहीं तो हम चले." विठू उठला. "व्हय, आज उघडायचीच!" दामू उठला न्हाय, पण त्यानं मान खाली घातली, ते जास्त लागलं मला. शेठ पण बोलला, "उघड रे बाबा एकदाची!" मी उभा राहिलो, बोललो, "मंग... तो माणूस... पेटीजवळ गेला... कुलपाला हात घातला..." आठ माणसं माझ्या तोंडाकडं बघतायत, आणि माझं तोंड उघडं, आणि आत काय न्हाय!

"असं कसं उघडंल कुलूप?"

बायकी आवाज! सगळ्यांनी वळून बघितलं. गेटात हौसा. डोक्यावर भाकरीचं टोपलं, हातात पाण्याचं भांडं, कारण एक वाजून गेला तरी मी घरी गेलो न्हवतो. किती वेळ ऐकत उभी होती देव जाणे. आत आली, टोपलं खाली ठेवलं आणि माझ्याकडं असं बघितलं... मी दोन पावलं मागं सरलो. मंग बोलली, "दोन म्हयनं पेटी पेटी करताव. कुलूप हाय म्हंजे किल्ली पन असंल ना? किल्ली कुनी इचारली?"

अहो, खरंच! दोन महिन्यांत नऊ माणसांनी पेटीत काय ते विचारलं, किल्ली कुणाकडं ते एकानं विचारलं न्हाय! रामनाथ खाली बसला. "हाँ भाभी. चाबी किसके पास है?"

हौसा बोलली, "बायको त्याला बोलली, किल्ली तुमच्याजवळच हाय. तो बोलला, माझ्याजवळ? त्यानं खिसं बघितलं, पिशवी बघितली, कौलातली भोकं बघितली. न्हाय. बायको हसली, बोलली, जल्मापासून तुमच्या अंगाव हाय की." आणि हौसानं काय करावं? ती गप्प बसली! टोपल्यातली भाकरी काढली, कांदा फोडला, माझ्यापुढं ठेवला, आणि गप्प! आठ माणसं, नववा शेठ, दहावा मी! कोण घास खातोय! विठू रडकुंडीला आला, "वैनी, अंगाव कुटं?" हौसा बोलली, "करदोट्याला. न्हानपनी आईनं बांधली व्हती, त्याला वाटायचं ताईत हाय."

तुम्हाला सांगतो, त्या शेडमध्ये एकजात सगळ्यांचे हात कंबरेला गेले! विठू करदोटा चाचपतोय, दामू चाचपतोय, रामनाथ चाचपतोय, आणि लडकूशेठ, सोळा लूमचा मालक, स्टुलावर बसून धोतरात हात घालून करदोटा शोधतोय! मी पण चाचपला हो, लाज कसली! माझ्या करदोट्याला काय न्हाय निघालं.

मंग काय, तिनं किल्ली सोडवायला एक तास लावला! गाठ जुनी, सुटेना. कापायची तं आईची आठवण, कापवेना. मंग किल्ली निघाली ती गंजलेली, रॉकेलात टाकली. मंग घासली. दोन वाजले, तीन वाजले, चार वाजले... लघवीला पण कुणी उठला न्हाय! पाच वाजता लाईट आली, तेव्हा त्या माणसानं किल्ली कुलपात घातली होती, आणि ती बसते की न्हाय बसते ते हौसा बोलायची होती. शेठ हात जोडून उभा, "वहिनी, उद्या... उद्या सांगा! आता लूम चालू करू द्या!" सहाही ताके उतरले. ट्रक भरून गेला.

आम्ही दोघं घरी चाललो, ती पुढं, मी मागं टोपलं घेऊन. मी बोललो, "हौसा, आज तू माझी नोकरी वाचवलीस." ती बोलली, "मंग काय करू? तुम्ही घरी बसलाव असताव तं माझं डोकं खाल्लं असताव." मी जरा धीर केला. बोललो, "आता तरी सांग. आपल्या पेटीत काय हाय?"

ती थांबली. इकडं तिकडं बघितलं. हे बघा, हे तुमच्यात ठेवा हं, तिच्या कानावर गेलं तं मला जेवण मिळायचं न्हाय. ती बोलली, "कायबी न्हाय. रिकामी हाय."

मी बोललो, "रिकामी? मंग कुलूप कशाला?"

ती बोलली, "आईकडं मला द्यायला काय व्हतं? भांडं न्हाय, सोन्याचा मनी न्हाय. शेजारणीची जुनी पेटी मागून आनली, आनी कुलूप तेवडं नवीन घेतलं. बोलली, किल्ली कुनाला दावू नको. तुमची आई जिती व्हती तवर मला एक शबुद वाकडा बोलली न्हाय, का ते ठाव हाय? तिला वाटायचं आत सोनं हाय. पयल्या दिवशी पेटी उचलून बगाय लागली व्हती, मी म्हनलं, राहू द्या, जड हाय." आणि हसली. मी न्हाय हसलो. मी बोललो, "म्हणजे तू भीत होतीस? आमच्या घरात? एवढी वर्षं?" ती बोलली, "मंग? सोळा वर्सांची पोरगी, कुनाच्या घरात आलेय ठाव न्हाय. आनी तुम्ही तरी कदी इचारलाव?" खरंच न्हवतं विचारलं हो. लाज वाटली मला. तिच्या हातातलं ते पाण्याचं भांडं पण मी घेतलं, आणि दोन्ही हातांत सामान घेऊन तिच्या मागोमाग घरापर्यंत चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी लडकूशेठ बोलला, "केसरी, तू राहा. झाडू मार. पण वहिनींना कांड्या भरायला पाठव, आणि लाईट गेली की त्या बोलतील." झालं! आता हौसा येते, कोपऱ्यात बसून कांड्या भरते, लाईट गेली की आठ जण तिच्याभोवती, आणि नववा शेठ. आणि दहावा... मी! मी सगळ्यांत पुढं! विठू गावी जाऊन आला, बायकोला इकडं खोलीवर घेऊन आला, आता ती पण येऊन बसते. किल्ली अजून कुलपातच हाय. महिना झाला. बसली तं बसली म्हणा, न्हाय तं न्हाय म्हणा! पण न्हाय! मी घरी विचारलं, "अगं, मला माहीत हाय ना, रिकामी हाय, मंग एवढं काय ताणतेस?" तं माझ्याकडं बघून बोलते कशी, "आपली रिकामी हाय. गोष्टीतली कशाला रिकामी असंल?"

घ्या! आता काय बोलायचं? मी बोललो, "मंग तिच्यात काय हाय?" तं बोलते, "लाईट गेली की सांगन."

आणि मेल्यांनी गेले आठ दिवस कपात बंद केलीय हो! आठ दिवस झाले, लाईट जातच न्हाय! लूम धडधडतायत, शेठ खूश, सगळी भिवंडी खूश, आणि मी आपला वऱ्हाळदेवीला नारळ बोलून आलोय... आई, एकदा, फक्त एकदा, लाईट जाऊ दे!